रजा कोणी मागायची?

कामावरून मिळणाऱ्या मोकळ्या दिवसासाठी मराठीत दोन शब्द आहेत आणि ते सहसा एकमेकांच्या जागी येत नाहीत. सुट्टी असते, रजा मात्र घ्यावी लागते, काढावी लागते, टाकावी लागते. सुट्टीचे नाते सुटण्याशी आहे. रजा हा शब्द अरबीतून आला आणि त्याचा मूळ अर्थच संमती, परवानगी असा आहे. म्हणून तर निघताना आपण ‘आता आपली रजा घेतो’ म्हणतो. रविवारी कामावर न गेलेल्याला कोणी कारण विचारत नाही. मंगळवारी न जाणाऱ्याला अर्ज लिहावा लागतो, त्या अर्जात ‘कारण’ नावाचा एक रकाना असतो आणि तळाशी ‘रजा मंजूर व्हावी, ही विनंती’ असे वाक्य असते. मी स्वतः वर्षानुवर्षे त्या रकान्यात ‘घरगुती काम’ लिहीत आलो आहे, आणि घरी काहीही काम नसताना तर हटकून लिहिले आहे, कारण ‘थकलो आहे’ असे लिहिण्याची पद्धत नाही. ही रजा भरपगारी असते, म्हणजे तिचे मोल वर्षभराच्या कामातून आधीच चुकते झालेले असते. तरीही ती मागावी लागते.

कोणत्या देशात आठवड्याला किती तास काम आणि वर्षाला किती दिवस भरपगारी रजा, याचे तक्ते नेहमी छापून येतात आणि वाचणारे आपापल्या देशाचा क्रमांक पाहून हळहळतात किंवा सुखावतात. मला या तक्त्यांत एक रकाना कायम कमी वाटतो. कायद्याने दिलेली रजा कामगाराने खरोखर घेतली की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची? कामगाराने मागितली तर द्यायची, अशी व्यवस्था असेल, तर कायद्यातील दिवसांची संख्या ही बरीचशी शोभेची असते. ती देणे हेच मालकाचे कर्तव्य असेल, तर थोडे दिवसही खरे ठरतात. जगभरच्या कायद्यांकडे या बाजूने पाहिले, तर क्रम बराच बदलतो.

तक्ते दिसतात तितके सरळही नसतात. जर्मनीच्या १९६३ च्या रजा कायद्यात किमान २४ दिवस लिहिले आहेत, पण तो कायदा शनिवारही कामाचा दिवस धरतो, त्यामुळे पाच दिवसांचा आठवडा असलेल्याला प्रत्यक्षात २० दिवस मिळतात. ब्रिटनमध्ये २८ दिवस आहेत, पण सार्वजनिक सुट्ट्या त्यांतच मोजण्याची मुभा मालकाला आहे. ब्राझीलमध्ये ३० दिवस आहेत, पण ते कॅलेंडरचे, म्हणजे मधले शनिवार-रविवार धरून. हे तीन आकडे एकाखाली एक मांडले की ब्राझील वर आणि जर्मनी खाली जातो; सार्वजनिक सुट्ट्या वेगळ्या काढून आठवड्यांत मोजले, तर तिघेही चार आठवड्यांच्या आसपास येतात. वार्षिक तासांचेही तसेच. मेक्सिकोत सरासरी कामगार वर्षाला २,००० हून अधिक तास काम करतो आणि जर्मनीत १,४०० हून कमी, हे आकडे आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेचेच आहेत; पण एकाच वर्षातील दोन देशांची पातळी ताडून पाहण्यासाठी ते योग्य नाहीत, अशी तंबीही तीच संघटना देते. जर्मनीत अर्धवेळ काम करणाऱ्यांची संख्या मोठी असल्यामुळे सरासरी खाली येते. अर्धवेळ कामगारांमुळेच जपानची सरासरी आज अमेरिकेपेक्षा कमी दिसते, आणि अतिकामाने येणाऱ्या मृत्यूला ‘करोशी’ हा स्वतंत्र शब्द ज्या भाषेने घडवला, ती भाषा जपानीच आहे.

कामाच्या तासांचा लढा रजेच्या लढ्यापेक्षा खूप जुना. मेलबर्नच्या पाथरवटांनी २१ एप्रिल १८५६ रोजी काम थांबवून मोर्चा काढला आणि पगारात कपात न होता आठ तासांचा दिवस मिळवला. पुढे १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आपला पहिलाच करार केला तो याच विषयावर : दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास. हा करार मुळातून वाचण्यासारखा आहे. आठ तासांचे तत्त्व सांगून झाल्यावर त्यात जपानसाठी ५७ तास, तिथल्या कच्च्या रेशमाच्या उद्योगासाठी ६० तास आणि ब्रिटिश हिंदुस्थानसाठीही ६० तासांचा आठवडा लिहिलेला आहे; चीन, इराण आणि सयाम यांना तर तो लागूच नव्हता. माणसाचे शरीर किती तासांनी थकते, हे त्या काळी नकाशा पाहून ठरत होते. हिंदुस्थानातील कारखान्यांना ४८ तासांचा आठवडा मिळायला १९४६ ची दुरुस्ती उजाडली.

भरपगारी रजेचे युग त्यानंतर सुरू झाले. १९३६ च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये मोठ्या संपांच्या लाटेत लिऑन ब्लम यांच्या सरकारने दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा आणि ४० तासांच्या आठवड्याचा कायदा केला. पुढे १९५६ मध्ये तीन, १९६९ मध्ये चार आणि १९८२ मध्ये पाच आठवडे झाले. त्याच १९३६ मध्ये श्रम संघटनेने वर्षाला किमान सहा दिवसांच्या भरपगारी रजेचा करार केला. मग १९३८ उजाडले आणि दोन वाटा फुटल्या. ब्रिटनने त्या वर्षी भरपगारी रजेचा कायदा केला, बराच मवाळ का होईना. अमेरिकेनेही त्याच वर्षी आपला मोठा श्रम कायदा केला, पण त्यात रजेचा शब्दही नव्हता. तासांना कमाल मर्यादा घालण्याऐवजी अमेरिकेने जादा तासांना किंमत लावली : १९४० पासून ४० तासांपुढच्या प्रत्येक तासाला दीडपट मजुरी. मालक ती मोजायला तयार असेल, तर प्रौढ कामगाराकडून किती तास काम घ्यावे, याला त्या कायद्यात बंधन नाही; आणि वरच्या पगाराच्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांना तर दीडपटीचा नियमही लागू होत नाही. त्यामुळे आजही अमेरिकेच्या संघीय कायद्याने कामगाराला भरपगारी रजेचा एकही दिवस मिळत नाही.

अमेरिकेत कोणालाच रजा मिळत नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. खासगी क्षेत्रातील बहुतेकांना ती मालकाच्या मर्जीने किंवा करारात मिळते. कमी मजुरीच्या कामांत मात्र तिचे प्रमाण झपाट्याने घटते. ज्यांना मिळते, त्यांचे काय होते? प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ च्या पाहणीत, भरपगारी रजा असलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांनी आपण मिळते त्यापेक्षा कमी रजा घेतो, असे सांगितले. काही कंपन्या ‘अमर्याद रजा’ देऊ करतात. ऐकायला हे औदार्य वाटते. पण कॅलिफोर्नियासारख्या राज्यात साठलेली रजा ही कमावलेली मजुरी मानली जाते आणि नोकरी सोडताना तिचे पैसे द्यावे लागतात; जिथे रजेचा आकडाच नाही, तिथे ती साठतही नाही आणि देणेही उरत नाही. किती घेतली म्हणजे जास्त झाली, हे ठरवण्याचा भार मग कर्मचाऱ्याच्या भिडेवर येतो. याउलट इलिनॉय राज्याने २०२४ पासून लागू केलेला कायदा फक्त ४० तासांची, म्हणजे पाच दिवसांची रजा देतो, पण ती कोणत्याही कारणासाठी घेता येते आणि ते कारण विचारण्याची सोय त्याने मालकाला ठेवलेली नाही. ‘कारण’ हा रकाना कायद्यानेच खोडला, हे मला त्या पाच दिवसांपेक्षा मोठे वाटते.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत चांगला पुरावा जपानने दिला आहे. तिथे १९४७ पासून भरपगारी रजेचा कायदा आहे. आज सहा महिने नोकरी झालेल्या पूर्णवेळ कामगाराला वर्षाला १० दिवस मिळतात आणि साडेसहा वर्षांनंतर ते २० पर्यंत जातात. मालकाला ही रजा नाकारता येत नाही. कामकाज खरोखर विस्कळीत होणार असेल, तर तारीख बदलायला सांगता येते, इतकेच. रजेचे काय करायचे, हा कामगाराचा स्वतःचा प्रश्न आहे, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगून टाकले. कागदावर याहून बळकट हक्क क्वचितच सापडेल. आणि तरीही २०१८ मध्ये जपानी कामगारांनी मिळालेल्या रजेपैकी सरासरी ५२.४ टक्केच वापरली. कारणे गूढ नाहीत. आपण गेलो की आपले काम शेजारच्या टेबलावर जाऊन पडते, आणि शेजारचा रजेवर जात नाही, म्हणून आपल्यालाही जाववत नाही. शिवाय आजारपणासाठी वेगळी भरपगारी रजा तिथल्या कायद्यात नाही, म्हणून तापाच्या दिवसांसाठी चार दिवस राखून ठेवावे लागतात, ते राहूनच जातात.

एप्रिल २०१९ पासून जपानने जे केले, त्यात रजेचा एकही दिवस वाढला नाही. दहा किंवा त्याहून अधिक दिवस रजा असलेल्या प्रत्येकाने वर्षात किमान पाच दिवस घेतलेच पाहिजेत, आणि ते घेतले जातील हे पाहणे हे मालकाचे काम आहे, एवढाच बदल झाला. कामगाराने स्वतःहून पाच दिवस घेतले नाहीत, तर मालकाने त्याला ‘तुला कधी हवी आहे?’ असे विचारून तारखा ठरवायच्या, प्रत्येकाच्या रजेची नोंदवही ठेवायची, आणि चुकल्यास दर कामगारामागे तीन लाख येनपर्यंत दंड. पळवाटा निघाल्याच, काही ठिकाणी आधीपासून मिळणारी उन्हाळी सुट्टी कामाचा दिवस ठरवून तीच पाच दिवसांत वळती केली गेली. तरी २०२३ मध्ये वापराचे प्रमाण ६५.३ टक्क्यांवर पोचले. मधल्या काळात महामारी येऊन गेली, कामाच्या सवयी बदलल्या, तेव्हा सगळे श्रेय कायद्याला देणे बरोबर नाही. पण जे सत्तर वर्षांच्या निर्विवाद हक्काने साधले नव्हते, ते प्रश्न विचारणाऱ्याची बाजू बदलल्यावर हलू लागले, एवढे म्हणता येते.

युरोपीय संघाने याच निष्कर्षापर्यंत न्यायालयाच्या वाटेने मजल मारली. तिथला १९९३ चा आणि त्याची जागा घेणारा २००३ चा कामाच्या वेळेविषयीचा निर्देश सांगतो की जादा काम धरून सरासरी आठवडा ४८ तासांपेक्षा मोठा नको, दोन दिवसांच्या कामामध्ये सलग ११ तासांची विश्रांती हवी आणि वर्षाला किमान चार आठवडे भरपगारी रजा हवी. यातला ११ तासांचा नियम मला फार आवडतो, कारण तो घड्याळाने तपासता येतो. रात्री अकराला काम संपले, तर सकाळी दहाच्या आत बोलावता येत नाही. त्यावर चर्चा संभवत नाही. रजेबाबत प्रश्न असा आला की जर्मनीतील एका संशोधन संस्थेतून बाहेर पडणाऱ्या कर्मचाऱ्याची ५१ दिवसांची रजा शिल्लक होती आणि त्याने तिचे पैसे मागितले. त्याने रजा मागितलीच नव्हती, तेव्हा ती बुडाली, असे संस्थेचे म्हणणे. नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितले की केवळ मागितली नाही म्हणून रजा आपोआप बुडत नाही. इतकी रजा शिल्लक आहे, ती घ्या, नाहीतर जाईल, असे मालकाने वेळेत आणि स्पष्टपणे कळवले होते, हे मालकाने सिद्ध करायचे. कामगार आणि मालक या नात्यात कामगार दुबळी बाजू आहे, हे निकालाचे गृहीतक. त्यानंतर जर्मनीत मालकाकडून कामगाराला जाणारे पत्र महत्त्वाचे झाले : तुमचे इतके दिवस उरले आहेत, ३१ डिसेंबरच्या आत घ्यावेत. रजेचा अर्ज उलट्या दिशेने निघाला, असेच म्हणायचे.

याच निर्देशात आणखी एक अट आहे, जी अनेकांना जाचक वाटते. नोकरी सुटत असेल तेवढा प्रसंग सोडता, त्या चार आठवड्यांच्या बदल्यात पैसे देता येत नाहीत. श्रम संघटनेच्या १९७० च्या रजेच्या करारातही असेच आहे : किमान रजेवर पाणी सोडण्याचा किंवा मोबदला घेऊन ती न घेण्याचा करार निरर्थक ठरवावा. ब्राझीलमध्ये मात्र एक तृतीयांश रजा विकता येते. भारतात २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेने रजा मिळण्यासाठीची किमान अट २४० दिवसांवरून १८० दिवसांवर आणली, हे चांगले झाले. पण त्याच संहितेने वर्षाअखेर उरलेल्या रजेचे पैसे मागण्याचा हक्कही कामगाराला दिला. रजेचे रोखीकरण लोकप्रिय आहे, हे मी नाकारत नाही. ज्याचा पगार महिन्याच्या विसाव्या दिवशी संपतो, त्याला चार दिवसांच्या विश्रांतीपेक्षा चार दिवसांचे पैसे हवेसे वाटणारच. पण मग ती तक्रार पगाराची आहे, आणि तिचे उत्तर रजेच्या खात्यातून दिले जात आहे. शिवाय विकता येणारी रजा मागणे आणखी अवघड होते. ‘पैसे मिळतात ना, मग जायचे कशाला?’ हा प्रश्न वरिष्ठ विचारत नाहीत तेव्हा घरचे विचारतात.

रजा आणि कामाचे तास हे दोन वेगळे विषय आहेत, असे मानून एकाच्या बदल्यात दुसरे देऊ करण्याची चाल अलीकडे दिसते, म्हणून दक्षिण कोरियाचे उदाहरण थोडे सविस्तर पाहायला हवे. तिथे आठवड्याला ४० तास आणि वर १२ तास जादा काम, अशी मर्यादा होती. तरी प्रत्यक्षात ६८ तास चालत, कारण सरकारी अर्थ असा लावला जाई की ‘आठवडा’ म्हणजे सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवारचे १६ तास आठवड्याच्या बाहेरचे! आठवडा म्हणजे सात दिवस, ही व्याख्या २०१८ मध्ये कायद्यात घालावी लागली, आणि मर्यादा ५२ वर आली. मार्च २०२३ मध्ये सरकारने सुचवले की काम जास्त असेल त्या आठवड्यात ६९ तासांपर्यंत करू द्यावे आणि साठलेले जादा तास पुढे मोठ्या रजेत वळते करावेत. तरुण कामगारांनी याला जोरदार विरोध केला, आणि त्यांचा मुद्दा बिनतोड होता : आत्ता हक्काची आहे तीच रजा आम्हाला घेता येत नाही, तर साठवलेली कोण घेऊ देणार? प्रस्ताव फेरविचारासाठी मागे न्यावा लागला. चीनमध्येही कायदा ४० तासांचाच आहे, आणि तरीही सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस काम घेणे बेकायदा आहे, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये सांगावे लागले.

या सगळ्यावर एक आक्षेप मनापासून घेतला जातो, आणि तो आळशी माणसांचा नसतो. काम आवडणाऱ्याने जास्त काम केले, तर सरकारचे काय जाते? कोणाला आठवड्याला सत्तर तास राबायचे असेल, रजा नको असेल, तर ती त्याची मर्जी. स्वतःच्या धंद्यात, स्वतःच्या संशोधनात हे म्हणणे मान्य करता येईल. पण नोकरीत एकाची मर्जी दुसऱ्याचे माप होते. दहा जणांच्या विभागात दोघे रजा न घेता काम करू लागले की उरलेल्या आठांची हक्काची रजा कामचुकारपणात मोजली जाते. किमान वेतनापेक्षा कमी पगारावर स्वखुशीने काम करायला कोणी तयार असला, तरी कायदा ते चालू देत नाही, तो याच कारणासाठी. आणि शरीराच्या बाजूनेही मर्जीला मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात पक्षाघात आणि हृदयविकाराने सुमारे ७,४५,००० माणसे दगावली. ही सगळी माणसे सक्तीने राबत होती असे नव्हे; पुष्कळांना आपण स्वखुशीने थांबलो आहोत, असेच वाटत असणार.

दुसरा आक्षेप लहान उद्योगांचा. पाच दिवसांच्या आठवड्यात वर्षाला २६० कामाचे दिवस होतात. २० दिवस रजा दिली की २४० दिवसांच्या कामाला २६० दिवसांचा पगार, म्हणजे प्रत्येक कामाचा दिवस सुमारे सव्वाआठ टक्क्यांनी महाग. हा खर्च खरा आहे. तो सगळ्यांना सारखा लागू झाला, तर पगार आणि दर ठरवतानाच धरला जातो. एकट्यादुकट्याने उदारपणे सोसायचा असेल, तर तो नक्कीच बुडवतो. त्यामुळे ज्याला लहान उद्योगाची काळजी आहे, त्याने रजा ऐच्छिक ठेवण्याऐवजी ती सर्वांना बंधनकारक करण्याची मागणी करायला हवी.

खरी अडचण निराळीच आहे. रजा देणे हे मालकाचे कर्तव्य म्हटले, की ज्याला एक ठरलेला मालकच नाही, तो माणूस उघड्यावर पडतो. दर चार महिन्यांनी ठेकेदार बदलणाऱ्याची १८० दिवसांची अट एकाही ठिकाणी पुरी होत नाही. ऑस्ट्रेलियात अशा तात्पुरत्या कामगाराला रजेऐवजी साधारणतः २५ टक्के जादा मजुरी मिळते. पैसे हातात येतात आणि विश्रांती येत नाही. या प्रश्नाला बांधकाम क्षेत्राने जुने उत्तर शोधून ठेवले आहे. फ्रान्समध्ये १९३७ पासून बांधकाम कामगारांसाठी रजा निधी आहेत. प्रत्येक मालक आपल्याकडच्या मजुरीच्या प्रमाणात निधीत वर्गणी भरतो आणि रजेचा पगार कामगाराला निधीच देतो. गवंड्याने वर्षात चार ठेकेदारांकडे काम केले, तरी त्याची रजा चार तुकड्यांत विरून जात नाही. जर्मनीच्या बांधकाम उद्योगातही अशी निधी-व्यवस्था आहे. अ‍ॅपवरून माणसे आणि सामान पोचवणाऱ्यांना हे का लागू करू नये, याचे पटणारे उत्तर मला मिळालेले नाही. ते कर्मचारी आहेत की भागीदार, हा वाद न्यायालयांत वर्षानुवर्षे चालू शकतो; निधीतील वर्गणीसाठी तो सुटण्याची वाट पाहावी लागत नाही, प्रत्येक फेरीच्या मोबदल्यातून ठरलेला हिस्सा काढता येतो. आणि हिशेब अवघड आहे, असे म्हणण्याची सोय तर इथे अजिबात नाही. कोण किती वाजता निघाला, कुठे थांबला आणि किती मिनिटे उशिरा पोचला, याची नोंद त्या अ‍ॅपमध्ये आधीच असते, आणि उशिराबद्दल पैसे कापताना ती बिनचूक वापरलीही जाते.